इनोसंट रेल्वे: एडिंबराची घोड्यांनी ओढलेली लाईन

रुळावरचा गोविंदा

रेल्वेचा इतिहास कुणी सांगायला लागलं की दोन मिनिटांत स्टीफन्सन येतो, मग त्याचं रॉकेट इंजिन, मग लिव्हरपूल-मँचेस्टर आणि तिथून एकदम उडी मारून १८५३ चं बोरीबंदर. इंजिन नाही तर रेल्वे नाही असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून आज अशा एका लाईनीबद्दल लिहितोय जिच्यावर पहिली पंधराएक वर्षं गाड्या घोड्यांनीच ओढल्या आणि तरी लोक तिच्यात लाखांनी बसले. एडिंबरा अँड डाल्कीथ रेल्वे तिचं कागदोपत्री नाव. पण स्कॉटलंडमध्ये सगळे तिला इनोसंट रेल्वे म्हणतात.

सुरुवात अर्थातच कोळशापासून. एडिंबरा म्हणजे घराघरात कोळशाच्या शेगड्या पेटलेलं, धुराने काळं पडलेलं शहर. शहराच्या आग्नेयेला दहा-बारा किलोमीटरवर मिडलोथियनच्या खाणी, म्हणजे कोळसा अगदी दारात. पण दारातून घरात आणायचा कसा तर रस्त्याने, घोडागाडीत भरून, चिखल तुडवत आणि जागोजागी टोल भरत. एवढं असूनही खाणमालकांचं बरं चाललं होतं कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे. मग १८२२ मध्ये युनियन कॅनॉल सुरू झाला आणि पश्चिमेकडचा, फॉल्कर्कच्या बाजूचा कोळसा बोटीत बसून थेट एडिंबरात यायला लागला. आता मात्र मिडलोथियनच्या मंडळींना जाग आली. मंडळी कोण, तर बक्लूचा ड्यूक, लोथियनचा मार्क्विस, क्रेगहॉलच्या खाणीवाले सर जॉन होप, आर्निस्टनचे डंडास. म्हणजे अर्धं मिडलोथियन ज्यांच्या सातबाऱ्यावर अशी चार-पाच घराणी.

रुळांचा विचार त्याआधीही झाला होता. बेल रॉकचं दीपगृह बांधणारे रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८१८ च्या आसपास याच खाणींसाठी पाहणी केली होती पण ते कागदावरच राहिलं. शेवटी १८२६ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला, भांडवल सुमारे ७० हजार पौंड, इंजिनिअर जेम्स जार्डीन. हा जार्डीन मूळचा पाणीपुरवठ्यातला माणूस, एडिंबराला पाणी देणारं ग्लेनकोर्सचं धरण त्याचंच. पाणीवाल्या माणसाला चढउतार बरोबर कळतो, त्यामुळे एक तुकडा सोडला तर सगळी लाईन त्याने हलक्या उतारावर बसवली.

तो एक तुकडा म्हणजे खरी गंमत आहे. शहराकडचं टोक सेंट लिओनार्ड्सला, आर्थर्स सीटच्या डोंगराला अगदी खेटून आणि बऱ्यापैकी उंचावर. कोळसा येणार खालून, डडिंग्स्टनच्या तळ्याच्या बाजूने. मधे डोंगराची धार. मग तिथे बोगदा पाडला, लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त आणि चढ १ ला ३०! आपला बोरघाट १ ला ३७ आहे आणि तिथे आजही गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन, बँकर, लावतात यावरून अंदाज घ्या. भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, घेऊन घोडा हा चढ चढणं शक्यच नाही. म्हणून वर सेंट लिओनार्ड्सला वाफेचं स्थिर इंजिन बसवलं, घोडे बोगद्याच्या तोंडाशी सोडायचे, वाघिणी दोराला अडकवायच्या आणि इंजिनाने त्या वर ओढून घ्यायच्या. परत जाताना रिकाम्या वाघिणी आपल्या वजनाने खाली. स्कॉटलंडमधल्या सार्वजनिक रेल्वेवरचा हा सगळ्यात जुन्या बोगद्यांपैकी एक, आणि अजून शाबूत आहे.

जुलै १८३१ मध्ये लाईन सुरू झाली, आधी क्रेगहॉलपर्यंत आणि त्याच वर्षी पुढे एस्क नदीपलीकडे डलहौसी मेन्सपर्यंत (हे नाव लक्षात ठेवा). मुख्य लाईन साधारण आठ मैल. नंतर फिशररो, लीथ बंदर, डाल्कीथ गाव असे फाटे फुटले. मार्क्विसने स्वतःच्या खाणींपर्यंत वेगळी वॅगनवे, म्हणजे वाघिणींची रूळवाट, बांधली, ड्यूकने आपल्या खाणींसाठी एस्कवर स्वतःचा पूल घातला. ज्याची खाण त्याचा रूळ.

आणि माणसं? माणसांचा विचारच कुणी केला नव्हता. उघडल्यावर वर्षभराने, जून १८३२ मध्ये, मायकेल फॉक्स नावाच्या गृहस्थाने कंपनीची परवानगी काढून रुळांवर एक जुनी घोडागाडीची बग्गी टाकली आणि भाडं घेऊन लोकांना नेऊ लागला. लोक नुसते तुटून पडले! इतके की थोड्याच काळात कंपनीने तो धंदा स्वतःकडे घेतला. तिकीट म्हणाल तर ते नव्हतंच. पुढे संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या माणसाने सांगितलं की तिकिटांची पद्धत जमलीच नाही कारण बरेचसे लोक कुठे जायचंय ते सांगत नाहीत किंवा त्यांचं ठरलेलंच नसतं. वाटेत हात केला की गाडी थांबणार, पुन्हा हात केला की उतरवणार. वेग ताशी सहा-आठ मैल. रविवारी कपडे बदलून बाहेर पडावं तसं लोक सहज म्हणून बसत असावेत असं मला राहून राहून वाटतं, पोर्टोबेलोचा समुद्रकिनारा त्याच बाजूला होता आणि समुद्रस्नानाची तिथे फॅशन होती.

माझं म्हणणं एवढंच की प्रवासी रेल्वे ही इंजिनामुळे जन्मली नाही, ती रुळामुळे आणि रिकाम्या जागेमुळे जन्मली. कोळसेवाल्यांना ते कळलं नव्हतं, फॉक्सला कळलं. बाकी प्रतिसादांत बोलूच.

शेपूची भाजी

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध शंका. घोडा दोन रुळांच्या मधून चालायचा ना? मग स्लीपरला ठेचकाळत नव्हता का? आपल्याकडे रूळ ओलांडताना माणूस धड चालू शकत नाही.

लोखंडे मास्तर

शंका बाळबोध नाही, अगदी मुद्द्याची आहे. आज आपण बघतो तसे आडवे स्लीपर त्या काळच्या घोड्यांच्या लाईनींवर बहुतेक नसायचेच. प्रत्येक रुळाखाली ठराविक अंतरावर चौकोनी दगडी ठोकळा पुरायचा, त्यावर बिडाची खुर्ची ठोकायची आणि तीत रूळ. दोन रुळांमधली वाट मोकळी, तिथे मुरूम-राख टाकून घोड्यासाठी पायवाट. आडवे स्लीपर आले ते पुढे जड इंजिनं आल्यावर, कारण दगडी ठोकळे सुटे असल्याने इंजिनाच्या धक्क्यांनी सरकायचे आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फाकायचा. म्हणजे इंजिनाने घोड्याची जागा घेतली ती अक्षरशः.

रुळाचा आकारही बघण्यासारखा. खालची कड सरळ नसून दोन ठोकळ्यांच्या मधे पोट सुटल्यासारखी जाड, कारण मधेच तो वाकतो. घडीव लोखंडाचे रूळ होते म्हणून टिकले. त्याआधीच्या लाईनींवर बीड असायचं आणि बीड म्हणजे वरून टणक पण ठिसूळ. स्कॉटलंडमध्येच किलमार्नक-ट्रून नावाची लाईन होती, १८१२ ची, तिच्यावर १८१७ च्या सुमारास स्टीफन्सनचं इंजिन आणून चालवून बघितलं तर बिडाच्या पट्ट्या धडाधड मोडल्या, की झाला प्रयोग बंद आणि घोडे परत जुंपले.

उगाच एक

सगळं ठीक आहे पण इंजिन नाही, तिकीट नाही, स्टेशनचा पत्ता नाही, हात दाखवा गाडी थांबवा. याला रेल्वे का म्हणायचं? मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांना कुणी रेल्वे म्हटलं नाही. उगाच पहिली, जुनी वगैरे बिरुदं चिकटवायची हौस.

पश्चिमवारा

+१ उगाच एक यांना, पण वेगळ्या कारणासाठी. पहिली कुठली हे ठरवायला बसलात तर स्कॉटलंडमध्ये रात्र सरेल. एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनेंट ते कॉकेन्झी अशी लाकडी रुळांची वॅगनवे १७२२ मध्येच होती, खाणीतून कोळसा उतारावरून बंदराकडे आणि मिठागरांकडे न्यायला. १७१५ च्या बंडात हरलेल्या सरदाराची जप्त झालेली जमीन लंडनच्या यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने घेतली होती, तिने ती घातली. आणि कहर म्हणजे १७४५ ची प्रेस्टनपॅन्सची लढाई याच वॅगनवेच्या आसपास झाली. बंडखोर बॉनी प्रिन्स चार्लीचे हायलँडर एका बाजूला, सर जॉन कोपचं सरकारी सैन्य दुसऱ्या बाजूला आणि कोपच्या तोफा वॅगनवेजवळ मांडलेल्या. पहाटेच्या हल्ल्यात काही मिनिटांत सरकारी फौज पळाली. रेल्वेलाईनीवर लढाई म्हणजे आपल्याला यादवी युद्धाची अमेरिका आठवते, ही त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची.

किलमार्नक-ट्रूनचं मास्तरांनी सांगितलंच. त्या लाईनीचा इर्विन नदीवरचा लेह मिल्टनचा दगडी पूल अजून उभा आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या रेल्वे पुलांत त्याची गणना होते. मग १८२६ ची मंकलँड अँड कर्किंटिलॉक, कोळसा कालव्यापर्यंत न्यायला बांधलेली. तिथे १८३१ मध्ये इंजिनं आली आणि ती ग्लासगोतच बनलेली होती. त्याच वर्षी गार्नकर्क अँड ग्लासगो उघडली, ती तर थेट इंजिनासकट. म्हणजे एडिंबरावाले घोडे जुंपत होते तेव्हा पन्नास-साठ किलोमीटरवर वाफेचं इंजिन धावत होतं. इनोसंट कसली, मागासलेली म्हणा.

रुळावरचा गोविंदा

@पश्चिमवारा, प्रेस्टनपॅन्सची जोड भारी दिलीत, मूळ लेखात घालायला हवी होती.

पण मागासलेली हे मला पटत नाही. १८२६ मध्ये कायदा झाला तेव्हा रेनहिलची इंजिनांची स्पर्धा व्हायला तीन वर्षं होती. त्या वेळी इंजिन हे महाग, जड आणि वारंवार बिघडणारं यंत्र होतं, घोडा सगळ्यांना माहीत होता. रस्त्यावर एक घोडा जेमतेम टनभर ओढतो, रुळावर तोच घोडा त्याच्या कितीतरी पट. कोळसेवाल्याला तेवढी सुधारणा पुरेशी होती. आणि जिथे घोड्याच्याने होणार नाही तिथे, बोगद्यात, त्यांनी वाफ वापरलीच की. हिशेबी माणसं होती, पुराणमतवादी नव्हेत.

@उगाच एक, ट्राम शहराच्या रस्त्यातून जाते, इतरांबरोबर. इथे कंपनीला संसदेने जमीन घेण्याचा हक्क दिलाय, स्वतःची वेगळी वाट आहे, पूल आहेत, बोगदा आहे, मालाचे दर कायद्याने ठरलेले आहेत आणि तो दर भरून कुणीही आपली वाघीण आणू शकतो. तेव्हाची रेल्वेची व्याख्या हीच होती. फॉक्सला आपली बग्गी टाकता आली ती याच मोकळ्या व्यवस्थेमुळे. आज एखाद्याने म्हटलं की माझा डबा तुमच्या रुळावर चालवतो, तर?

मी_माणदेशी

धागा आवडला पण ड्यूक, मार्क्विस, इंजिनिअर, घोडे सगळे आले, कोळसा खणणारा माणूस कुठेच नाही आला. कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितो.

स्कॉटलंडच्या कोळसा खाणींत आणि मिठागरांत १६०६ च्या कायद्यापासून मजूर खाणीला बांधलेले होते. मालकाच्या चिठ्ठीशिवाय दुसरीकडे काम करता यायचं नाही, पळाला तर पकडून आणायचा, खाण विकली तर माणसं सोबत विकली जायची. बाप्तिस्म्याच्या वेळी बापाला चार पैसे देऊन पोरालाही बांधून घ्यायची रीत होती. १७७५ ला पहिला कायदा झाला तो अर्धवट, पूर्ण सुटका १७९९ ला. म्हणजे ही रेल्वे सुरू झाली तेव्हा खाणीत काम करणारे म्हातारे स्वतः वेठबिगार म्हणून जन्मलेले होते.

आणि बायका. पूर्व स्कॉटलंडच्या खाणींत, याच मिडलोथियन-ईस्ट लोथियनमध्ये, नवरा किंवा बाप कोळसा फोडणार आणि बायको-मुलगी तो पाठीवरच्या टोपलीत भरून, टोपलीचा पट्टा कपाळाला अडकवून, शिड्या चढत वर आणणार. १८०८ मध्ये रॉबर्ट बाल्ड नावाच्या खाण-इंजिनिअरने यावर लिहून ओरड केली होती, काही झालं नाही. १८४२ च्या सरकारी चौकशीत दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या जबान्या आहेत, वाचवत नाहीत. त्यानंतर कायदा होऊन बायका आणि दहा वर्षांखालची मुलं जमिनीखाली न्यायला बंदी झाली.

आता तारखा लावून बघा. १८३१ मध्ये सेंट लिओनार्ड्सच्या बोगद्यात कोळशाची वाघीण दोराने चढते, कारण घोड्याला तो चढ झेपत नाही. आणि त्याच कोळशाच्या मुळाशी, खाणीत, चढ चढतेय ती बाई. अकरा वर्षं हे दोन्ही एकदम चालू होतं. घोड्याची काळजी घेतली कारण घोडा विकत घ्यावा लागतो.

शेपूची भाजी

माणदेशी, काटा आला. हे कुठल्याच रेल्वेच्या पुस्तकात येत नाही.

अटकमटक

पण मग इनोसंट नाव पडलं कसं? मला वाटलं होतं की एकही अपघात झाला नाही म्हणून. इंटरनेटवर सगळीकडे हेच सापडतं.

रुळावरचा गोविंदा

सगळीकडे सापडतं खरं, पण तसं नाहीये. कंपनीच्या स्वतःच्या नोंदींमध्ये माणसं दगावल्याचे, जखमी झाल्याचे उल्लेख आहेत. रुळावर खेळणारी पोरं, वाघिणींखाली सापडणारे मजूर, चालत्या गाडीतून उडी मारणारे प्रवासी. उघड्या रुळांवर, हात केला की थांबणाऱ्या गाडीत आणि रिकाम्या वाघिणी बोगद्यातून सुसाट खाली सोडण्याच्या व्यवस्थेत दुसरं काय होणार.

नाव रूढ झालं ते एडिंबराच्या रॉबर्ट चेंबर्स यांच्या लिखाणातून असं मानतात. हे चेंबर्स म्हणजे भावाबरोबर साप्ताहिक काढणारे प्रकाशक. वाफेची धडधडणारी मोठी रेल्वे देशभर पसरत असताना त्यांना ही घोड्यांची निवांत, भोळसट लाईन गोड वाटली. म्हणजे नाव देणारा शहरातला वाचणारा-लिहिणारा माणूस, खिडकीतून तळं बघत जाणारा. अपघात झालाच नाही ही गोष्ट नंतर कुणीतरी नावावरून उलटी तयार केली.

माणदेशींच्या प्रतिसादानंतर हे नाव मला अजूनच खटकायला लागलंय. पण बदलणार कोण, त्या वाटेवर आता सायकलमार्ग आहे आणि त्याच्या पाटीवरही तेच आहे.

सातारकर

डलहौसी मेन्स लक्षात ठेवा म्हणालात आणि विसरलात की काय? हा आमचा डलहौसीच का? ज्याने १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं तोच?

रुळावरचा गोविंदा

विसरलो नाही हो, कुणी विचारतंय का वाट बघत होतो. तोच. जेम्स ब्राऊन-रॅमसे, डलहौसीचा दहावा अर्ल आणि पुढे मार्क्विस. १८१२ मध्ये डलहौसी कॅसलमध्ये जन्म, आणि लाईनीचं दक्षिण टोक त्या घराण्याच्या नावाच्या डलहौसी मेन्सला, कॅसलपासून जवळच. वडील नववे अर्ल, १८३० च्या आसपास हिंदुस्थानात सरसेनापती होते. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना घराजवळ घोड्यांची रेल्वे चालू झालेली.

याहून मोठा दुवा पुढे आहे. हिंदुस्थानात येण्याआधी डलहौसी ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळात होता, १८४५ मध्ये त्याचा अध्यक्ष झाला. रेल्वेची सगळी विधेयकं तिथून जायची आणि नेमकी तीच वर्षं रेल्वेच्या वेडाची. कोणीही उठावं आणि नकाशावर रेघ मारून शेअर विकावेत. त्याला हवं होतं की सरकारने ठरवावं कुठली लाईन हवी, कुठली नको. संसदेतल्या रेल्वेवाल्यांनी ते चालू दिलं नाही. इकडे आल्यावर ती हौस त्याने भागवली, १८५३ चं त्याचं रेल्वेवरचं टिपण म्हणजे इलाखे जोडणाऱ्या मुख्य मार्गांची आखणी, वरून ठरवलेली. आणि एडिंबरा-डाल्कीथ दुसऱ्या कंपनीला विकायचा कायदा झाला तोही १८४५ मध्येच, म्हणजे तो अध्यक्ष असताना.

सातारकर

म्हणजे घरची रेल्वे विकली आणि आमचं राज्य घेतलं. नागपूरकरांनीही नोंद घ्यावी, त्यांचा नंबर १८५४ ला.

आणि तुमच्या यादीतले आर्निस्टनचे डंडास, त्यांच्यातलाच हेन्री डंडास ना? बोर्ड ऑफ कंट्रोलवाला? टिपूच्या शेवटच्या लढाईच्या वेळी लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार त्याच्याच हातात होता. मिडलोथियनच्या चार-पाच घराण्यांत दोन आपल्या इतिहासात निघाली, वा.

लोखंडे मास्तर

तोच, आर्निस्टनच्या घराण्याचा धाकटा मुलगा.

डलहौसी आणि गेज यावरून एक जोडतो, रेल्वेप्रेमींना आवडेल. इनोसंट लाईनीचा गेज ४ फूट ६ इंच, मंकलँडचाही तोच, म्हणून त्याला स्कॉच गेज म्हणायचे. पण सगळ्या स्कॉटलंडचा तो नव्हता. डंडी अँड न्यूटाइलचा ४ फूट साडेसहा इंच (अर्ध्या इंचासाठी काय मिळवलं देव जाणे), किलमार्नक-ट्रूनचा ४ फूट. आणि १८३८ च्या सुमारास उघडलेल्या डंडी अँड आर्ब्रोथ आणि आर्ब्रोथ अँड फॉरफार या दोन लाईनींचा गेज होता ५ फूट ६ इंच!

ओळखीचा वाटतोय ना? आपली ब्रॉडगेज, १६७६ मिलीमीटर. पुण्याच्या प्लॅटफॉर्मवरून खाली बघा, तेच अंतर. आता आर्ब्रोथवरून तो इकडे आला असं मी मुळीच म्हणत नाहीये, इकडे तो वेगळ्या भांडणातून ठरला. आधी इंग्लंडचा ४ फूट साडेआठ इंच ठेवायचा विचार होता, सल्लागार इंजिनिअर सिम्स म्हणाला ५ फूट ६ इंच, डलहौसी म्हणाला घ्यायचाच तर ६ फूट घ्या, आणि शेवटी साडेपाच फुटांवर तडजोड झाली. स्कॉटलंडातल्या त्या दोन लाईनी मात्र इतरांशी जुळवून घ्यायला १८४०च्या दशकातच प्रमाण गेजवर गेल्या. तिकडे मोडीत निघालेलं माप इकडे खंडभर पसरलं.

उगाच एक

बरं. पण मग सांगा, घोड्यांची, वेगळ्या गेजची, दोराने ओढायची ही जुनाट लाईन विकत कोणी आणि का घेतली? भंगारात?

रुळावरचा गोविंदा

नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने, १८४५ मध्ये, १ लाख १३ हजार पौंडांना. भंगाराचा भाव नव्हे! सुरुवातीचं मंजूर भांडवल ७० हजारांच्या आसपास होतं, फाटे वगैरे धरून खर्च त्याच्या बराच पुढे गेला होता हेही खरं, पण तरी.

नॉर्थ ब्रिटिशला घोडे नको होते, वाट हवी होती. ती कंपनी एडिंबरा-बेरिक मुख्य लाईन बांधत होती (१८४६ ला उघडली) आणि तिला दक्षिणेकडे हॉइक आणि पुढे जमलं तर इंग्लंडच्या हद्दीत कार्लाइलपर्यंत जायचं होतं, प्रतिस्पर्धी कॅलेडोनियन कंपनीने तिथे पाय रोवायच्या आत. एडिंबराच्या बाहेर पडायला खाणींमधून जाणारी तयार लाईन मिळत असेल तर नवीन जमीन घेऊन संसदेत भांडत कोण बसेल? शिवाय कोळशाची सगळी वाहतूक सोबत. मग रूळ बदलले, गेज प्रमाण केला, घोडे गेले, इंजिनं आली, आणि पोर्टोबेलोजवळ जोड देऊन गाड्या शहराच्या मधल्या स्टेशनात न्यायला लागले. १८४९ ला हॉइक, १८६२ ला कार्लाइल. वेव्हर्ली रूट म्हणून जी लाईन रेल्वेवाल्यांच्या गळ्यातला ताईत आहे तिचे पहिले काही मैल म्हणजे ही आपली कोळशाची वाट.

सेंट लिओनार्ड्स मात्र बाजूला पडलं. बोगद्यातून दोराने वर जायचं आणि तिथून चालत शहरात, आता ते कोण करणार. प्रवासी १८४७ मध्ये थांबले, १८६० ला थोडे दिवस पुन्हा प्रयत्न झाला तो फसला. कोळशाची वखार म्हणून ते टिकलं ते थेट १९६८ पर्यंत. माणसांसाठी बांधलंच नव्हतं, कोळशासाठी बांधलं होतं आणि शेवटी कोळशानेच सोबत केली.

लीथवाली

उशिरा आले धाग्यावर, नेहमी वाचनमात्र असते पण ही वाट रोजची आहे म्हणून लिहिते. मुलगा युनिव्हर्सिटीत, मी नोकरीला, दोघंही उन्हाळ्यात सायकलने याच बोगद्यातून जातो.

बोगद्याचं वरचं तोंड सेंट लिओनार्ड्सच्या घरांच्या मागे आहे, पाटी बघितली नाही तर चुकाल. आत दिवे आहेत. खाली जाताना पॅडल मारावंच लागत नाही, येताना मात्र १ ला ३० म्हणजे काय ते गुडघ्यांना कळतं, गोविंदाभाऊंचा दोर मिळाला तर बरं होईल. खालच्या तोंडातून बाहेर पडलं की एका बाजूला आर्थर्स सीटचे कडे, पुढे डडिंग्स्टनचं तळं आणि पक्ष्यांचं राखीव रान. थोडं पुढे ब्रेड बर्न नावाच्या ओढ्यावर १८३१ चा बिडाच्या तुळयांचा छोटा पूल आहे, लोक त्यावरून जातात आणि कुणाला पत्ता नसतो की तो इतका जुना आहे. वर सेंट लिओनार्ड्सच्या मालधक्क्यावरची एक जुनी दगडी इमारत राहिलीय, तिथे आता व्हिस्की गाळतात.

आणि गोविंदाभाऊ, एक राहिलं. वेव्हर्ली रूट १९६९ मध्ये बंद केला होता, लोकांनी रुळावर उभं राहून शेवटची गाडी अडवली होती. त्यातला एडिंबरा ते ट्वीडबँक तुकडा सप्टेंबर २०१५ मध्ये परत सुरू झाला. एस्कबँक, न्यूटनग्रेंज ही स्टेशनं जुन्या खाणींच्याच टापूत आहेत. न्यूटनग्रेंजजवळ एस्कच्या दरीवरचा वीसेक कमानींचा उंच पूल १८४७ चा, मार्क्विसच्या वॅगनवेच्या पुलाच्या जागी बांधलेला, आजही गाडी त्यावरूनच जाते. न्यूटनग्रेंजला खाणीचं म्युझियम आहे, माणदेशींनी लिहिलेल्या बायकांबद्दल बघायचं असेल तर तिथे अवश्य जा.

मी_माणदेशी

धन्यवाद ताई. कधी आलो तर म्युझियम आधी, बोगदा नंतर.

अटकमटक

मास्तर, वर डंडी-न्यूटाइलचा नुसता गेज सांगून सोडून दिलात. त्या लाईनीवर डब्याला शीड लावायचे असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं का थाप?

लोखंडे मास्तर

खरं आहे. १८३१ च्या शेवटी उघडली ती लाईन. डंडी बंदर आणि आत शेतीचा सुपीक पट्टा, मधे सिडलॉ टेकड्या. टेकड्या वळसा घालून टाळायच्या सोडून सरळ त्यांच्यावरूनच नेली, तीन ठिकाणी तीव्र चढ आणि तिन्ही ठिकाणी दोर ओढणारं स्थिर इंजिन. मधल्या सपाट तुकड्यांवर सुरुवातीला घोडे. आणि वारा चांगला असला की डब्यावर ताडपत्रीचं शीड उभारून गाडी हाकायचे! १८३३ मध्ये डंडीच्याच कारमायकेल बंधूंनी बनवलेली इंजिनं आली आणि शिडाची मजा संपली. म्हणजे एकाच लाईनीवर घोडा, दोर, वारा आणि वाफ. नंतरच्या कंपनीला ते तीन चढ टाळायला वळसे घालून नव्या लाईनी बांधाव्या लागल्या, म्हणजे जो खर्च १८३१ ला वाचवला तो पुढे व्याजासकट भरला.

उगाच एक

शिडाची रेल्वे!! हा धागा आधी काढायचा ना, मी एवढा वाद घातलाच नसता.

लोखंडे मास्तर

काढतो वेगळा. पण न्यूटाइल गाव वॉर्नक्लिफ लॉर्डाने रेल्वेसाठी मुद्दाम आखून वसवलं होतं, तिथून सुरुवात करावी लागेल, शीड तिसऱ्या परिच्छेदात येईल. तोपर्यंत दम धरा.